पहिली सही माझी होती

माझ्या मराठीला पुण्याच्या नणंदा हसतात. मी भाजीला सब्जी म्हणते, गडबडीत "अरे भिया, जरा सरको" असंही तोंडातून जातं. हसोत बापड्या. माझं माहेर धारचं, सासर देवासचं, शिक्षण हिंदीत आणि तीस वर्षांची मास्तरकीही हिंदी शाळेत. मराठी राहिली ती देवापुढे आणि रागात. आणि राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

या वेळचा राग मात्र माझा मलाच आला होता.

आमच्या घरासमोर, जुन्या बाजाराच्या तोंडाशी, पिठाची चक्की आहे. चालवणारा माणूस पन्नाशीचा. त्याचे पूर्वज आमच्या पूर्वजांसारखेच मराठा सरकारांबरोबर इकडे माळव्यात आले. आमचे दफ्तरात बसले, त्याचे पागेत राबले. आता मी पेन्शनवर आणि तो मशीनवर. सगळा बाजार त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणतो, मी अरे-तुरे करते आणि तो मला काकू म्हणतो.

डबा कुणाचा आहे हे बघितलं की पीठ कसं हवं ते त्याला सांगावं लागत नाही. मालवी घरचे गहू बाटीसाठी जाडे, आमचे पोळीसाठी बारीक, शेजारच्या आजींची ज्वारी आणखी मऊ, कारण त्यांना दात नाहीत. दळता दळता चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघतो आणि दगड घट्ट किंवा सैल करतो. एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी तो फक्त उपासाचं दळण घेतो. त्यासाठी मशीन उघडून ब्रशने झाडतो, मग पहिली ओंजळ मोरधनाची, म्हणजे आपल्या भगरीची, दळतो आणि ते पीठ मुंग्यांना घालतो. गव्हाचा कण राहिला असेल तर त्या ओंजळीबरोबर निघून जावा, म्हणून. त्यानंतर आमचा राजगिरा. दुकानातल्या पाकिटावर देवीचं चित्र असतं आणि 'व्रत' लिहिलेलं असतं, पण त्या मशीनवर आधी काय दळलं होतं ते पाकीट सांगत नाही.

धारला माझ्या आईच्या गल्लीतही अशीच चक्की होती. एका वर्षी मी माहेरी गेले तर तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. "चक्की कुठे गेली?" विचारलं तर आई म्हणाली, "बंद झाली वाटतं." वाटतं! रोज ज्याच्याकडे डबा पाठवायचा, तो माणूस उठून गेला आणि गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मी आईला फार बोलले होते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, आमच्या देवासला असं होऊ देणार नाही.

आता माझा पराक्रम ऐका.

चैत्रातलं हळदीकुंकू आम्ही बाजारातल्या मराठी बायका दरवर्षी एकत्र करतो. पन्हं, आंब्याची डाळ, ओटीला भिजवलेले हरभरे. त्या दिवशी एक वही फिरते, आलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायला. पहिला विडा थोरलीला आणि पहिली सहीही थोरलीची, ही रीत आमच्या आजेसासूबाईंच्या आधीपासूनची. थोरलीची झाली की बाकीच्या वयाप्रमाणे खाली करत जातात. माझ्याहून वडील आजी आता घराबाहेर पडत नाहीत, म्हणून चार वर्षांपासून थोरली मी. खोटं कशाला बोलू, तो मान मला आवडतो.

यंदा चक्कीमागच्या नव्या इमारतीच्या मालकाची बायको पहिल्यांदाच आली. बिचारी सगळ्यांच्या पाया पडली, डाळ दोनदा मागून घेतली. वही फिरायच्या वेळी तिने पुठ्ठ्यावर लावलेला एक कागद माझ्यासमोर धरला. "काकीजी, बाजार के सुधार के लिए है. नाली, लाइट, सफाई. पहले आप." माझा चष्मा घरी राहिला होता. तो आणायला समोरच जायचं होतं, पण खणाचं नवं पातळ नेसून, सगळ्यांच्या मधोमध बसलेली मी, उठायचा आळस केला. 'पहले आप' ऐकून तर फुगलेच. केली सही. माझी बघून खाली सोळा जणींनी केली. एकीनेही वाचलं नाही. वाचायचं कशाला, वर माझी सही होती ना!

पंधरा दिवसांनी एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिरा घेऊन गेले. त्याने नेहमीसारखं दळून दिलं. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "काकू, उज्जैन रोडवर एक मशीन आहे. माणूस चांगला आहे. तुमचं उपासाचं कसं दळायचं ते मी त्याला समजावून ठेवतो. पुढच्या महिन्यापासून तिकडे द्या."

"का रे? तू कुठे चाललास?"

त्याने गल्ल्याखालून एक नोटीस काढून दिली. या वेळी चष्मा नाकावर होता. महापालिकेच्या कचेरीची नोटीस होती. चक्कीचा आवाज आणि उडणारं पीठ यांचा बाजारातल्या महिलांना त्रास होतो, त्यांच्या अर्जावरून मशीनची परवानगी का काढून घेऊ नये, महिन्याभरात उत्तर द्या. सोबत अर्जाची नक्कल. नाली पहिल्या कलमात, लाइट दुसऱ्या, सफाई तिसऱ्या. चौथ्या कलमात चक्की. आणि खालच्या सह्यांत सगळ्यांत वर माझी, शाळेच्या निकालपत्रकांवर करायची तशी, टपोरी.

मी त्याला विचारलं, "तू मला येऊन विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं काकू? पहिली सही तुमची. तुम्ही केलीय म्हणजे विचार करूनच केली असणार. खरंच त्रास होत असेल. मागच्या इमारतवाल्यांना गाड्या आत न्यायला ही जागा हवीच आहे. देऊन टाकतो. खातेगावला मेव्हणा आहे, त्याच्याकडे काही बघतो."

ज्या माणसाची तीन पिढ्यांची चक्की, तो ती सोडायला निघाला होता. भांडण नाही, तंटा नाही. कारण काय, तर मास्तरीणबाई विचार केल्याशिवाय सही करत नाहीत!

घरी आले आणि डबा ओट्यावर आदळला. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमची बायको गाढव आहे." ते म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मीच सांगतेय!" मग रडले. तीस वर्षं पोरांचे कान पिरगाळले, प्रश्न पूर्ण वाच, मग लिही. आणि मी स्वतः?

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. खिडकीवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "मैडम, दस्तखत वापस नहीं होते. नया आवेदन दीजिए. जिन्होंने पहले किए, वो सब करें तो कुछ वजन पड़े. सुनवाई में ख़ुद भी आना पड़ेगा." सोळा जणी! मी म्हटलं, "आणते."

घरी बसून नवा अर्ज लिहिला, हिंदीतच, कारण आमच्या सुनांना मराठी वाचता येत नाही. पदर खोचला आणि भर वैशाखाच्या उन्हात दारोदार फिरले. पहिल्याच घरी उत्तर मिळालं, "काकू, वर तुमची सही होती म्हणून आम्ही केली." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एक जण हसत म्हणाली, "जाऊ द्या हो, आता कोण दळून आणतं? मोबाईलवर मागवलं की दारात पीठ." मी तिला म्हटलं, "मागव की. दारात येणारं ते पोरगं तुझ्या सासूला दात नाहीत हे बघून पीठ मऊ करणार आहे का?" तिची सासू आतून ओरडली, "आण गं कागद इकडे!"

एकीने मात्र मला गप्प केलं. तिची खिडकी चक्कीच्या बरोबर वर. ती म्हणाली, "काकू, तुम्ही समोर राहता, मी डोक्यावर. माझं बाळ दुपारी झोपत नाही. तुमच्या मानासाठी मी आधी सही केली, आता पुन्हा तुमच्या मानासाठी करू?" चपराक बसली. पण खरं बोलली. तिथेच बसून अर्जात ओळ वाढवली, दुपारी दोन ते चार मशीन बंद आणि दाराला पिठासाठी पडदा. चक्कीवाल्याला खाली जाऊन विचारलं, तो म्हणाला, "एवढंच होतं तर आधी सांगायचं ना ताईंनी." वर येऊन सांगितलं, तेव्हा तिने पूर्ण कागद वाचला आणि सही केली.

सगळ्यांना मी एकच अट घातली. आधी मोठ्याने वाचा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना सुनांनी वाचून दाखवायचं. आणि माझी सही शेवटी. यावर मात्र जास्त गोंधळ झाला. "असं कसं? थोरलीच्या आधी आम्ही?" रीत मोडल्याचं दुःख त्यांना चक्की जाण्यापेक्षा मोठं! मी म्हटलं, रीत मीच वापरली, मीच मोडते. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. सोळातल्या चौदा जणींनी सह्या केल्या. दोघींनी दार लावून घेतलं, त्यांच्या दारावर मी अजून जात नाही.

सुनावणीला इमारतीचा मालक स्वतः आला होता, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. चक्कीवाला एका कोपऱ्यात हात बांधून उभा. साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "मैडम, इसमें भी आपके दस्तखत, उसमें भी. कौन से मानें?"

"दूसरे. पहले मैंने बिना पढ़े किए थे."

"आप तो टीचर थीं न?"

"थी. इसीलिए लिखवा रही हूँ. लिख लीजिए, कि पढ़ी-लिखी औरत ने बिना पढ़े दस्तखत किए."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. हसू दे. इमारतवाला गोड आवाजात म्हणाला, "काकीजी, बाजार आगे बढ़ रहा है. आपको इस पुरानी मशीन से क्या मिलेगा?"

"आटा मिलेगा," मी म्हटलं. "और क्या मिलेगा? चक्की से आटा ही मिलता है. तुमच्या बायकोला आमची डाळ हवी होती, तर मागितली तिने, आम्ही दिली. तुम्हाला जागा हवी होती तर तोंडाने मागायची. बायकांच्या हळदीकुंकवात कागद घुसवायचा नाही!" अर्धं मराठीत झालं, पण त्याला कळलं. देवासला सगळ्यांना कळतं.

साहेबांनी चक्कीवाल्याला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो म्हणाला, "साहब, काकू ने पहले लिखा था हटो, तो मैं हट रहा था. अब लिखा है रहो, तो रहूँगा." बस, एवढंच. साहेबांनी दुपारी मशीन बंद आणि पडदा या अटींवर परवानगी कायम ठेवली आणि पुढच्याला हाक मारली.

मला आनंद व्हायला हवा होता. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी त्याच्यावर जाळ झाले. "अरे शहाण्या, मी हटो म्हटलं की हटतोस? मी कोण? उद्या मी पुन्हा चुकले तर? माझी बुद्धी फिरली तर? बायको-पोरं घेऊन खातेगावला जाणार होतास, आणि मला एक शब्द नाही? दारात येऊन भांडायचं होतंस! ओरडायचं होतंस, काकू, हे काय केलंत म्हणून!"

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्याशी कसं भांडणार काकू? आमच्या घरात कुणी तुमच्या घराशी वर तोंड करून बोललं नाही कधी."

ते ऐकून मला जी लाज वाटली, ती त्या सहीचीही वाटली नव्हती. किती पिढ्या आम्ही हे चालू दिलं आणि त्याला मान समजलो! मी त्याला एकच म्हटलं, "शीक. आता शीक."

दोन दिवसांनी मी गव्हाचा डबा घेऊन गेले. दुकानात चार-पाच बायका होत्या. त्याने झाकण उघडलं, मूठभर गहू तळहातावर घेतले, बोटाने इकडे-तिकडे केले. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. मग सगळ्यांसमोर, जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाला, "काकू, खडे आहेत यात. असे गहू मी मशीनमध्ये घालणार नाही. घरी न्या आणि नीट निवडून आणा."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी आजपर्यंत कुणाचं असं ऐकून घेतलेलं नाही. निमूट डबा उचलला, घरी आले आणि गहू निवडायला बसले.