अण्णा मुळ्यांची गरजांची यादी

आमच्या आणि अण्णा मुळ्यांच्या आवाराच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्यावरून आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू पलीकडे गेल्या, पण अण्णांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. "आपल्याला कुणाचं काही लागत नाही," असं छाती काढून सांगायचे. शिडी हवी असली की गडग्याशी यायचे. "रघू, तुझी शिडी पडून पडून वाळवी खाईल हो. जरा वापरात ठेवतो." आंबे उतरवायचे दिवस आले की आंबे झेलायचा आमचा जाळीचा झेला 'ऊन खायला' त्यांच्या कलमांखाली. वर मीच आभार मानायचे.

गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीच्या नादी लागले. का, तर म्हणे त्यात कुणाचे उपकार नाहीत. जगातल्या हजारो माणसांनी फुकट लिहून वाटलेली वस्तू ती! अण्णांच्या पत्नी हेमावहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. चार वर्षं मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांतलं मिळेल ते अण्णांनी त्या मशीनमध्ये कोंबलं आणि २००३ साली स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. तारीख टाका, भरती-ओहोटीची वेळ मराठीत हजर. झकास होता, खोटं कशाला बोलू? मिऱ्याच्या किनाऱ्यावर गळ टाकायला जाताना मी विचारूनच जायचो.

तो प्रोग्रॅम आता लिनक्सच्या एका मोठ्या, जगभर वाटल्या जाणाऱ्या संग्रहात जायचा होता. अण्णांनी अख्ख्या आळीत दवंडी पिटली. मासेवाल्या सखूलाही सोडलं नाही.

"सखू, शनिवारनंतर माझी भरती जगभर जाणार!"

"ती जाऊ दे जगभर. बांगडे घेताव का नाय ते बोला."

घोडं अडलं एका रकान्यात. प्रोग्रॅम पाठवताना लिहून द्यायचं असतं, की मूळ मजकुरापासून हा प्रोग्रॅम तयार करायला आणखी काय काय लागतं. अण्णांनी काय लिहिलं असेल? रकाना कोरा! संग्रहासाठी प्रोग्रॅम तपासणाऱ्या पुण्याच्या वैदेहीचं ई-पत्र आलं, "काका, आमच्या कोऱ्या मशीनवर हे तयारच होत नाही. लागणाऱ्या गोष्टींची यादी शनिवारपर्यंत पाठवा. नाहीतर पुढच्या आवृत्तीत, म्हणजे दीड वर्षाने."

"माझ्याकडे तर एका झटक्यात होतं!" अण्णा कडाडले. "त्या पोरीच्या मशीनमध्येच खोट."

होणारच! अण्णांच्या मशीनमध्ये सगळंच भरलेलं. कशावाचून अडतं ते कळणार कुठून? कोरं मशीन हवं. ते होतं आमच्याकडे. आमची अपूर्वा चिपळूणला शिकायला गेल्यापासून क्रोशाचा रुमाल पांघरून झोपलेलं.

शुक्रवारी दुपारी अण्णा गडग्याशी.

"रघू, तुझा कॉम्प्युटर दमट हवेनं सर्दावेल हो. जरा..."

वीस वर्षं मी या घटकेची वाट पाहत होतो. "त्याची काळजी सोडा, अण्णा. तुम्हाला हवाय का, एवढंच बोला."

अण्णांनी माडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मागल्या दारातून हेमावहिनी ओरडल्या, "बोला हो एकदाचं! उद्या शनिवार!"

"हवाय," अण्णा म्हणाले. दाढ उपटताना येतो तसा आवाज आला.

आमच्या मशीनवर त्यांनी नुसतं लिनक्स घातलं आणि प्रोग्रॅम तयार करायला लावला. दोन ओळींत आडवा. स्क्रीनवर चौकटी काढणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार भाग, नाही म्हणे. मी पेन घेऊन बसलो. सीडीवरून काहीही घालायच्या आधी मोठ्याने कबूल करायचं, असा माझा नियम.

"ही कुणाला लागते, अण्णा?"

"प्रोग्रॅमला."

"अण्णा..."

"मला लागते, मेल्या! लिही!"

मग मराठी संदेश जुळवणारं अवजार नाही. मग आणखी एक. दर वेळी प्रोग्रॅम आपटायचा, अण्णा कबूल करायचे, मी लिहायचो. पाच वाजेपर्यंत सात कबुल्या झाल्या आणि अण्णांना एकदम चटकच लागली. "कंपायलर लिही! 'मेक' लिही! वीज लिही!"

"कुळथाच्या पिठल्याच्या सामानात चूल लिहितात का?" चहा घेऊन आलेल्या हेमावहिनी म्हणाल्या. "ती असतेच." वैदेहीच्या पत्रात तळाला तेच होतं. कंपायलर वगैरे प्रोग्रॅम बांधायची मूळ अवजारं सगळीकडे धरलेलीच असतात, लिहू नका. अण्णा हिरमुसले. पण आठव्या खेपेला प्रोग्रॅम न अडखळता उभा राहिला.

शनिवारी सकाळी यादी भरलेली फ्लॉपी खिशात घालून अण्णा मारुती आळीतल्या सायबर कॅफेत गेले. सोमवारी उत्तर आलं, "तयार झालं, काका. घेतलं." त्या दिवशी सखूकडून बांगडे एकदम दोन डझन.

मंगळवारी गडग्यावर दगडाखाली एक कागद. अण्णांचं मोत्यासारखं अक्षर. 'मला लागतं : शिडी, झेला, घमेलं, पहार, कोयती, कोरा कॉम्प्युटर, रघू.'

शेवटचं नाव मी दोनदा वाचलं हो! तरी विचारलंच, "अण्णा, यातलं परत काय काय देताय?"

"यादीत काय लागतं ते लिहायचं असतं," अण्णा म्हणाले. "परत करायचा रकाना आहे का कुठे? विचार त्या वैदेहीला."