खाऱ्या कैऱ्यांचा आळ

शेवंतीबाईंच्या हाताला मिठाचा अंदाज आहे, हे कोरगावात त्यांच्या वाड्यावरची सगळी घरं मानायची. उन्हाळ्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, गडबड सुरू झाली की बायका कैऱ्या घेऊन त्यांच्याच सोप्यावर यायच्या. भरणीत कैऱ्यांचा थर लावायचा आणि वर त्यांच्या हातची मिठाची मूठ. त्या मुठीने खारवलेल्या कैऱ्या कधी मऊ पडल्या नाहीत.

याच मिठापायी दोन वर्षं घरात त्यांच्यावर पाळत होती. रक्तदाब उतरत नव्हता. एका गोळीच्या चार झाल्या, सून सेजल त्यांच्यासाठी वेगळं अळणी रांधू लागली, तरी वरचा आकडा एकशे नव्वदच्या खाली येईना.

"आई, खरां सांगा. दुपारी मी नसताना भरणीत हात घातलात?"

"नाय गो. खाल्ला तर खाल्ला म्हणान सांगीन. मी तुका भितंय काय?"

सेजलने भरण्या माळ्यावर चढवल्या. मुलगा गौरेश बोलायचा नाही, पण जेवताना आईच्या ताटाकडे बघायचा. शेजारच्या पद्मावतीने तर नवाच शोध लावला. "खाऊकच व्हया असा काय? इतकी वर्सां मिठात हात. हातातसूनच रगतात गेला असतला." त्या वर्षी वाड्यातल्या कैऱ्या दुसरीकडे गेल्या. शेवंतीबाईंना दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. खाल्लेलं दाखवता येतं. न खाल्लेलं कसं दाखवायचं?

चतुर्थीच्या आधी एका सकाळी अंगण झाडताना त्यांना श्वासच घेता येईना. गौरेशने गाडी काढून पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून झाल्यावर स्टेथोस्कोप पोटावर ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग स्कॅन झाला. दोन्ही मूत्रपिंडांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या होत्या.

"मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की त्याला वाटतं, सगळ्या अंगातलाच दाब पडलाय. मग ते दाब चढवत राहतं," त्यांनी सांगितलं.

"आणि मीठ?" सेजलने विचारलं.

"मिठाने भर पडते. पण नुसतं अळणी जेवून हा दाब उतरला नसता."

"ऐकलंस?" खाटेवरून शेवंतीबाई म्हणाल्या. सेजल चादर सारखी करू लागली.

मांडीच्या सांध्यातून बारीक नळी आत नेऊन धमनी फुगवायची आणि ती परत आवळू नये म्हणून तिथे जाळीची नळी, स्टेंट, बसवायचा, असं ठरत होतं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. यांच्या फुप्फुसांत पाणी झालं, मूत्रपिंडं खालावताहेत, म्हणून स्टेंट. दाब पुरता उतरेलच असं नाही.

"आणि दाब उतरलो नाय तर?" शेवंतीबाई गौरेशकडे बघून म्हणाल्या. "परत आळ माझ्यावरच येतलो?"

गौरेशने मान खाली घातली. "येवचो नाय, आई."

तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला.

स्टेंट बसले. घरी आल्या तेव्हा दोन गोळ्या कमी झाल्या होत्या आणि आकडा एकशे चाळीसवर होता. पद्मावती येऊन बघून गेली. "मगे मिठान नव्हता तर!" म्हणाली, आणि चहाला बसली.

पण पुढच्याच आठवड्यात, न्याहारीच्या वेळी, गौरेशने दंडाला पट्टा बांधला आणि आकडा एकशे पासष्ट निघाला. त्याने परत मोजला. तेवढाच.

शेवंतीबाईंनी पेजेचा चमचा खाली ठेवला. आता काय ऐकायला लागणार, हे त्यांना सवयीने ठाऊक होतं.

सेजलने हात पुसले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"दाब वाढलाय," ती म्हणाली. "नाही, गोळ्या चुकल्या नाहीत. मीठही खात नाहीत त्या. मी सांगते ना, नाही खात. दुसरं काय असेल ते बघा."

शेवंतीबाईंनी पेज संपवायला घेतली.