मधला तुकडा

आमचे हे आणि भावोजी मिळून व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवायचे. भावोजी म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र. रक्ताचं नातं नाही, पण सख्ख्या दिरानं लावला नसता एवढा जीव त्यांनी आम्हाला लावला. ते उंच, हे बुटके. सगळा बाजार दोघांना लंबू-टिंगूच म्हणायचा, जुन्या सिनेमांतल्या त्या विनोदी जोडीवरून. हेही कमी नाहीत, त्या जोडीच्या कॅसेटी दारातच मांडून ठेवायचे.

गेल्या वर्षी भावोजींना झटका आला. डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. जीव वाचला, पण माणूस घराबाहेर पडेना. हे रोज जाऊन विनवायचे, "नुसता खुर्चीत बस रे. मला एकट्याला दुकान खायला उठतं." भावोजी भिंतीकडे तोंड करायचे. यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी चिडायचे, पण बोलणार कुणाला?

एक दिवस भावोजी स्वतःहून म्हणाले, "त्या जोडीचा शेवटचा सिनेमा आण. लंबू खराच आजारी होता त्यात. पडतो, हात चालत नाही, टिंगू त्याला उठवतो आणि दोघं तसेच विनोद पुढे रेटतात. तेवढं मला बघू दे. मग येतो दुकानात."

मला वाटलं, देव पावला. यांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन आम्ही गेलो. सिनेमा सुरू झाला. पडद्यावरचे दोघंही म्हातारे, लंबूचे गाल बसलेले. भावोजी पुढे सरकून बसले. लंबू जिन्याशी आला, पडदा जरा थरथरला आणि एकदम दोघं टेबलाशी चहा पीत बसलेले दिसले.

"मधलं कुठंय?" भावोजींनी विचारलं.

मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे यांनी तोंड उघडलं. म्हणाले, मूळ कॅसेटला बुरशी लागत होती, म्हणून दोन मशीन जोडून नवी उतरवली. तो प्रसंग आला तेव्हा बटण दाबून थांबवलं. मूळची टाकून दिली.

"का?"

"गिऱ्हाइकं कुरकुरायची. हसायला नेली आणि हे काय बघायचं, म्हणायची. मलाही बघवायचं नाही."

भावोजींना राग आला असता तर बरं झालं असतं. ते वाकड्या तोंडानं सावकाश म्हणाले, "बरोबर केलंस. मग मला कशाला काउंटरवर बसवतोस?"

मी काहीबाही बोलत राहिले, डॉक्टर काय म्हणाले, व्यायाम करताय ना. माझं मलाच ते बोलणं फोल वाटत होतं. निघताना भावोजींनी उजव्या हातानं दार लावून घेतलं.

ते दुकानात आलेच नाहीत. मूळ सिनेमासाठी यांनी गावोगावची दुकानं पालथी घातली. पहिले सिनेमे सगळीकडे मिळतात, म्हातारपणीचे कुणी ठेवत नाही.

परवा मी दुकानात डबा द्यायला गेले, तर एक बाई त्या जोडीची कॅसेट मागत होती. यांनी तीच शेवटच्या सिनेमाची काढून पुढे केली आणि म्हणाले, "यात मधला तुकडा नाहीये. तो मी कापलाय." बाई म्हणाली, चालेल, आम्हाला काय, हसायचंच आहे. हे शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. कॅसेट काही हातातून सोडेनात.