डोमाकाकांची हजेरी

डोमाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलीच्या कागदांसाठी भंडाऱ्याला एका टेबलासमोर ताटकळत उभा होतो. त्यांचा मुलगा विठ्ठल एवढंच बोलला, "सर, बाबा गेले. सकाळी चहा घेतला अन् गेले." कागद तिथेच टाकून मी एसटी पकडली... आणि वाटभर एकच गोष्ट मला खात राहिली. त्यांची माफी मागायची राहून गेली होती.

काका आमच्या गावातले एकमेव माजी सैनिक. एकाहत्तरच्या लढाईतून परतले, मग जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौकीदारी केली, म्हातारपणी घरची धानाची शेती पाहिली. माणूस मोठा खट्याळ. मी या शाळेत नवा आलो तेव्हा सगळ्या गावासमोर म्हणाले, "मास्तर, तुमची पोरं सावधानमंधी हायेत का विश्राममंधी, समजूनच नाही राह्यलं!"

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा चढला की काका पुढे येऊन हजेरी घ्यायचे. त्यांच्या तुकडीतले सात जण लढाईतून परतले नव्हते, सगळे दूरदूरच्या गावांचे. काका एकेकाचं नाव पुकारायचे आणि "हाजिर, साहेब!" हे उत्तरही स्वतःच द्यायचे, ज्याच्या त्याच्या आवाजात. कुणाचा घोगरा, कुणाचा बारीक, एक जण तर अडखळत बोलणारा. पोरं खी-खी हसायची. मी डोळे वटारले की काका मलाच दटावायचे, "हसू द्या ना मास्तर. तो होताच तसा, आमाले भी लय हसवे."

गेल्या सव्वीस जानेवारीला पाहुणे उशिरा आले. त्यांना पुढच्या गावी जायची घाई, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. काका खुर्चीवरून उठत होते, ते दिसत असूनही मी आभार मानून टाकले. दोन मिनिटं वाचवली मी शहाण्यानं! खाऊ वाटताना काका जवळ आले.

"मास्तर, हजेरी काहून नाही झाली?"

"वेळच नव्हता काका. पंधरा ऑगस्टले सगळ्यात आधी तुमचीच घेऊ."

चिडले असते तर बरं झालं असतं. खाली बघत म्हणाले, "ते तं उभेच असतीन ना अजून..." मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तेरवीनंतर विठ्ठलला ती नावं विचारली. "बाबा घरी लढाईची गोष्टच काढत नव्हते. लिहून तं काहीच नाही ठेवलं," तो म्हणाला. दोघांनी काकांची जुनी पेटी उपसली. कागद होते, पण त्यांवर नाव फक्त काकांचं. सैन्याच्या एक-दोन कचेऱ्यांना पत्रं धाडली, उत्तर नाही. इतकी वर्षं, वर्षातून दोनदा मी ती नावं ऐकली होती! पण माझं सारं लक्ष पोरांना गप्प करण्यात. चारच आठवली, तीही आडनावाशिवाय.

परवा पंधरा ऑगस्टला झेंडा चढला आणि मी माईकपुढे उभा राहिलो. शिवराम. बळवंत. महादू. येसाजी. प्रत्येक नावानंतर थांबत होतो, पण उत्तर द्यायला तोंडच उघडेना. कुणाचा आवाज कोणता, तेही मला सांगता आलं नसतं. एकही पोरगं हसलं नाही. चौथ्या नावानंतर मी नुसताच उभा... किती वेळ, कोण जाणे. शेवटी मंडपवाला धावत आला, वायर हलवून पाहिली, माईकवर टिचकी मारली.

"सर, माईक चालू हाय," तो म्हणाला. "बोला ना."