गजूच्या गाडीवर माझा सायट्रान्स

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, पण एक अट आहे. हसायचं नाही! मला अजून त्या दिवसाचा संताप येतो. गजूचा येतो, आमच्या ताईचा येतो, आणि सगळ्यात जास्त कोणाचा येतो ते तुम्हाला कळेलच.

तर मी रिसोडजवळचा वांगी-टोमॅटोवाला. पण मनानं डीजे. तरुणपणी तीन वर्षं गोव्यात एका हॉटेलात भांडी घासली, आणि तिथंच मला सायट्रान्स, म्हणजे ते रात्रभर नाचायचं विलायती संगीत, लागला. लागला म्हणजे कसा? तंबाखू लागतो तसा. ठोका असा पळतो की सोयाबीन काढायचं मशीन परवडलं! आणि वरून आवाज वळवळत, चढत, फिरत राहतात. गाणारं कोणी नाही, नायक नाही, नायिका नाही. बरं, हे वाजवायचं म्हणजे नुसतं बटण दाबायचं नाही हं. एक ट्रॅक संपायच्या आत दुसरा त्याच्या पोटात असा सरकवायचा की नाचणाऱ्याच्या पायाला सांधा लागता कामा नये. दोन्ही ठोके कानानं जुळवायचे. मशीनमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये, आपोआप जुळवायचं बटण असतं, त्याला मी बोट लावत नाही. ते पाप आहे!

आणि त्याहून मोठं पाप कोणतं? घरून सगळं तयार करून पेनड्राईव्हमध्ये भरून आणायचं, ते लावून द्यायचं, आणि वर उभं राहून नुसते हात हलवायचे. जणू काही आत्ताच वाजवतोय! ही लोकांची फसवणूक नाही तर काय आहे? तुम्हीच सांगा.

आमच्या शीलाताईच्या पोराचं, वैभवचं, लग्न निघालं. मुलगी किन्हीराजाची. मी सख्खा मामा, घरात डीजे. मग वरातीत कोण वाजवणार? मीच ना? नाही! मुलीच्या बापानं मालेगावचा गजू ठरवला. मी ताईला फोन लावला.

"ताई, मी असताना बाहेरचा डीजे काहून?"

"दिनू, मांगच्या टायमाले तू वाजवलं, तर अर्ध्या बाया कानात बोटं घालून घरी गेल्या. आत्याबाईले दोन दिवस चक्कर येत होती."

"अवं, ते चढत जाते हळूहळू! थांबा लागते!"

"वरातीत कोण थांबते रे? तू मामा हायस, मामासारखा ये. ते डबडं घरी ठेव."

डबडं! माझ्या कन्सोलला डबडं! मी फोन ठेवला आणि ते डबडं पिशवीत भरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. पुढं गजूची पिकअप, वर भिंतीएवढे स्पीकर, मागं घोड्यावर वैभव. मी मुद्दाम गाडीला चिकटून चालत होतो. गजू डोक्याला रुमाल बांधून कन्सोलमागं उभा, चकत्या फिरवतोय, हात वर करतोय. आणि मी काय पाहतो? चकती फिरवली तरी आवाजात काडीचा फरक नाही! बाजूला पेनड्राईव्हचा लाल दिवा लुकलुकतोय!

माझं डोकंच फिरलं. एका उडीत गाडीवर चढलो.

"हे काय करून राह्यला बे?"

"वाजवून राह्यलो भाऊ."

"वाजवून? हे भरून आणलेलं हाय! हात कायले हलवतो मग?"

"लोकाइले बरं वाटते," गजू शांतपणे म्हणाला.

बरं वाटते! मी पेनड्राईव्ह उपटला. सगळं गप्प. घोडासुद्धा थबकला. मी माईक घेतला आणि ऐकवलं सगळ्यांना. म्हटलं, "मंडळी, हा माणूस तुमाले फसवून राह्यला! जो डीजे भरलेलं लावून नुसते हात हलवते, त्यानं डीजे म्हणू नये स्वतःले. आता पाहा, खरं वाजवणं काय असते ते!"

खाली मुलीचे वडील हात जोडायला लागले. "अहो मामा, मुहूर्त टळून राह्यला. काही बी वाजवा, पण वाजवा!"

त्या क्षणी मला एकच दिसत होतं. आज या सगळ्या भावकीसमोर, ताईसमोर, दाखवून द्यायचं. नाही तर जन्मभर मी डबडेवालाच राहणार होतो.

माझा बॅटरीवरचा कन्सोल काढला, गजूच्या पेटीवर ठेवला, हेडफोन घातला. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. डीजे हेडफोन एकाच कानाला लावतो. दुसरा कान स्पीकरकडे उघडा ठेवतो, तेव्हाच दोन्हीकडचं जुळतं. ही पहिल्या दिवशीची शिकवण. पण खाली पोरं हुर्यो करत होती, गजू काहीतरी बडबडत होता, आणि मला कोणाचाच आवाज नको होता. मी दोन्ही कान झाकले. आवाज पूर्ण वर केला.

आणि सुरू! काय तो ठोका, महाराज!

लोकांकडे पाहिलं तर सगळे पुतळ्यासारखे उभे. तोंडं उघडी. मला वाटलं, बरोबर आहे, असलं यांनी कधी ऐकलंय कुठं? भारावले बिचारे.

गजू माझी बाही ओढायला लागला. तोंड हलतंय, हात माझ्या पिशवीकडे करतोय. मला वाटलं, माफी मागतोय. आत्ता मागतो का? मी हात झटकला. खालून ताई दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवतेय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ताई, आता कळलं ना तुला?

गजूनं कपाळावर हात मारला आणि मागं ॲम्प्लिफायरकडे गेला. जाऊ दे, म्हटलं, तोंड दाखवायला जागा नाही त्याला.

आणि मग आली मजा. पायाखालच्या पत्र्याला हादरे बसायला लागले. छातीत धडधड. खाली एक पाय हलला, दुसरा हलला, आणि बघता बघता अख्खी वरात पेटली! आत्याबाई नाचताहेत! चक्करवाल्या आत्याबाई! मुलीचे वडील मुहूर्त विसरून फेटा उडवताहेत! मी म्हणत नव्हतो, चढत जाते हळूहळू म्हणून?

मी एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे सांधे जुळवले की गोव्यात मला हे शिकवणाऱ्या उस्तादानं पाया पडावं. तिथपासून मांडवापर्यंत घामानं निथळलो. मांडवाच्या दारात हात वर केला, शेवटचा ठोका, बंद. हेडफोन काढला. खाली टाळ्या आणि शिट्ट्या!

मुलीच्या वडिलांनी मला खाली उतरवून तिथंच दुपट्टा-टोपी दिली. ताई गळ्यात पडून रडली. "दिनू, आज पहिल्यांदा तुह्यं वाजवणं आवडलं रे मले. इतके दिवस असं काहून नाही वाजवलं?"

मी पुन्हा माईक घेतला. हो, घेतला! गजूकडे बोट दाखवून म्हणालो, "पाह्यलं? हे असते इमानदारीचं काम!"

गजू मान खाली घालून स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मी छाती काढून गाडीवर गेलो, सामान आवरायला. कन्सोलच्या मागं हात घालून स्पीकरकडे जाणारी वायर काढायला गेलो, तर वायर नाही. पडली असेल म्हणून खाली पाहिलं. नाही. मग पिशवी उघडली.

वायर पिशवीत होती. घरून जशी गुंडाळून, रबर लावून ठेवली होती, तशीच. रबरसुद्धा निघालं नव्हतं.

ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. तिथं गजूचा मोबाईल वायरीनं जोडलेला.

"गजू, हे काय बे?" मी मोबाईलकडे बोट दाखवलं.

"तेच तर सांगून राह्यलो होतो भाऊ, वायर लावा, वायर लावा. तुमी आयकलंच नाही. मुहूर्त टळत होता. मंग मोबाईलमंधून माह्यंच लावून देलं. शेवटी तुमी हात वर केला, तसा म्या आवाज बंद केला."

"अन् ताई हात हलवत होती ते?"

"आवाज येत नाही म्हणून सांगत होत्या त्या."

"मग लोकांसमोर बोलला काहून नाही बे? मी इतका बोललो तुले!"

"काय बोलू? मामा हाय तुमी नवरदेवाचे. अन् भाऊ, मिक्स माह्यंच हाय ते. आठ दिवस घरी बसून कानानं जुळवलं. चालत्या गाडीत जनरेटर झटके देते, कन्सोल बंद पडते, वरात थांबते. म्हणून भरून आणतो. चोरलेलं नाही."

मला इतका राग आला स्वतःचा, की ती टोपी काढून गजूच्या डोक्यावर ठेवली. त्यानं ती पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवली, नीट सरळ केली, आणि जरा संकोचूनच म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पन हात लय झकास हलवता तुमी. माह्याच्यानं तसं जमत नाही, लोकाइले पटत नाही. बुधवारी मानोऱ्याले वरात हाय. वाजवणं म्या पाह्यतो. तुमी येऊन नुसते हात हलवता का?"

आता खरा संताप कशाचा येतो सांगू? मी त्याच्या कानफटात मारायला पाहिजे होती. मी विचारलं, "किती वाजता येऊ?"