पहिल्या धारेची तपासणी

"मॅडम, रक्त घ्या, लघवी घ्या, पण ती आतली तपासणी नको. बायका बिचकतात," सेक्रेटरी सावंत म्हणाले. नाहूरच्या त्यांच्या सोसायटीत आम्ही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शिबिर ठेवलं होतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ.

"रक्तात हा सुरुवातीला कळत नाही, त्यावर अजून संशोधन चालू आहे. लघवीत एचपीव्ही शोधता येतो, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो. पण सापडला तर आतून बघावंच लागेल."

"सापडला तर ना? आमच्याकडे सगळ्या घरंदाज बायका आहेत."

काहीच न होण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशीची बरीच सॅम्पल्स फुकट गेली. एरवी लघवीच्या तपासणीला सुरुवातीची धार सोडून मधली घेतात. आम्हाला नेमकी सुरुवातीचीच हवी होती, कारण विषाणू तिच्यातच जास्त येतो. तसं सांगितलंही होतं, पण बायकांनी सवयीने ती टाकून दिली. पुन्हा बोलावलं तेव्हा सावंतांची बायको सुनंदा म्हणाली, "पहिल्या धारेचीच लागते तर तसं सांगायचं ना. आमच्या गावच्या पुरुषांना लगेच कळलं असतं."

रिपोर्ट आले. सुनंदाचा पॉझिटिव्ह होता.

सावंत तिला आणि तिच्या ब्लड टेस्टची फाइल घेऊन माझ्या क्लिनिकमध्ये आले. "सगळं नॉर्मल आहे. लॅबची चूक असणार."

"या टेस्टमध्ये एचपीव्ही बघतच नाहीत. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. आतून बघू द्या."

त्यांनी आवाज खाली आणला. "हा विषाणू येतो कुठून?"

"बहुधा शरीरसंबंधातून. बहुतेकांना कधी ना कधी होतो. वर्षानुवर्षं गप्पही बसतो. कोणाकडून आला, ते सांगता येत नाही."

"ऐकलंत?" सुनंदा म्हणाली. "आता माझ्या एकटीकडे बघू नका. बाहेर बसा."

आणि ती टेबलावर चढली.

गर्भाशयाच्या तोंडाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. पेशी बिघडल्या होत्या, कॅन्सर झालेला नव्हता. नंतर तेवढा भाग काढला आणि त्याच संध्याकाळी ती घरी गेली. आता ठरल्या वेळी तपासणीला येते, नवऱ्याला बाहेर बसवून.

पुढच्या शिबिराला सावंतांनी आतल्या तपासणीसाठी सोसायटीचं ऑफिस रिकामं करून दिलं. जाड पडदाही स्वतः लावला.

लघवी फक्त एवढंच सांगते की आत बघायला हवं. बघायचं काम ती करत नाही.