सगळ्या घरानं घ्यायची सुई

आमच्या गोठ्यातल्या म्हशींना लस देताना कधी कुणाची समजूत घालावी लागली नाही. पावसाळा तोंडावर आला की जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून यायचे, आत्ती म्हशीचं दावं आखडून धरायची, मानेत सुई जायची, म्हस एकदा फुरफुरायची, की झालं. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या गडमुडशिंगीत सासूला आत्तीच म्हणतात. डॉक्टरांना यायला जरा उशीर झाला तर ती माझ्या नवऱ्याच्या मागं लागायची, "त्या डाक्टरला फोन लाव की! म्हशी मेल्यावर येणार हाय व्हय त्यो?"

आणि हीच बाई, स्वतःच्या दंडाला सुई लावायचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायची.

माझं दुखणं लिव्हरचं आहे. लिहायला सोपं वाटतंय, पण गावात हा शब्द तोंडातनं काढायची चोरी. मी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेली नाही, तरी लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं बाटलीच उभी राहते. एका लग्नात नवऱ्याकडच्या एका पाहुणीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "वैनी, खरं सांगा, कधीपास्नं घेता?" ताटातली जिलेबी तिच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. तेव्हापासनं आमच्या घरानं ठरवून टाकलं, कुणी विचारलं तर पोटाचं दुखणं म्हणायचं. पोटाचं दुखणं कुणालाही असतंय.

अंगातली रोगाशी लढणारी ताकद माझ्याच लिव्हरवर उठली, असं कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. म्हणजे घरचं कुत्रं घरच्यालाच चावलं. ते आवरायला ज्या गोळ्या खाते, त्यांनी ते कुत्रं इतकं गप पडलंय की आता चोर आला तरी भुंकत नाही. त्यामुळं बारीकसारीक खोकला-सर्दीसुद्धा मला सोसत नाही. मीठ बंद, पापड-लोणचं बंद, तांबड्या रश्श्याचा नुसता वास घ्यायचा. त्याचंही एवढं काही नव्हतं. पण दोन वर्षांमागं पावसाळ्यात मला फ्लू झाला. मी तेव्हा बाहेरच्या सोप्यात लहान पोरांची शिकवणी घ्यायची, त्यातलंच कोणतरी शिंकलं असेल. ताप उतरला, पण पोटात पाणी भरलं. पोरगं पोटात होतं तेव्हासुद्धा एवढं पोट नव्हतं. दवाखान्यात सुई घालून ते पाणी काढत होते आणि मी वरच्या पंख्याकडं बघत एकच म्हणत होते, देवा, एवढ्या वेळी सोड.

सुटले. पण सुटले म्हणजे काय, एका कोंडीतनं दुसऱ्या कोंडीत आले. शिकवणी बंद. लग्नं, बारशी, बाजार, सगळं बंद. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फ्लू तुम्हाला परत परवडणारा नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी लस घ्यायची, आणि एकट्या तुम्ही नाही, घरातल्या सगळ्यांनी. घरातनंच येतो तो." ती लस गावात मिळत नाही, त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागतं. मी घरी येऊन लगेच सांगितलं नाही. पुढचा उन्हाळा संपत आला तेव्हा विषय काढला.

आम्ही घरात चौघं. नवरा एमआयडीसीत कामाला, मुलगा कॉलेजला, आत्ती आणि मी. मुलानं मोबाइलमधनं डोकं न काढता "बरं" म्हटलं. नवरा जरा चुळबुळला, पण तयार झाला. उरली आत्ती.

"आत्ती, उद्या कोल्हापूरला जायचंय. सगळ्यांनी सुई घ्यायची."

"कसली सुई?"

"फ्लूची. तापाची."

"मला कुठं ताप हाय?"

"येऊ नये म्हणून घ्यायची."

"म्हंजे न्हाय त्या तापाला बोलवायला कोल्हापूरला जाऊ व्हय?"

"म्हशींना देता की दरवर्षी!"

"म्हस मुकी हाय म्हणून घेती. मला तोंड हाय. आणि सुई दिली की म्हस चार दिस दुधाला आटती, ते कोण बघतंय?"

"तुम्ही काय आता दूध देताय?" मी बोलून गेले. नवरा फिस्सकन हसला. आत्ती नाही हसली. तिनं पदर खोचला आणि वैरण टाकायला निघून गेली.

आम्ही तिघं जाऊन आलो. नवऱ्यानं सुई टोचून घेताना तोंड असं फिरवलं, जसं कुणी त्याचा हातच तोडतंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सगळ्यांनी घेतली?" मी म्हटलं, "एक माणूस राहिलंय." त्या म्हणाल्या, "ते राहून चालणार नाही."

मग रोज तीच कटकट. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. म्हणजे त्यानं एकदा "आई, घे की" म्हटलं, आत्तीनं बघितलं, आणि तो गाडीला किक मारून कामाला गेला. आईपुढं बोलायची त्याची टाप नव्हती. वळवाचे दोन पाऊस पडून गेले. एका संध्याकाळी आत्ती चुलीपाशी खोकली. साधा खोकला, धुराचा. पण माझ्या अंगावर काटा आला. पंखा आठवला, पोटातली सुई आठवली. मी ओरडलेच, "सुई नको तर नका घेऊ! पण मग पावसाळा सरंपर्यंत माझ्याजवळ येऊ नका! मी मेले तर तुमच्या लेकाला कोण करून घालणार हाय?"

आत्तीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. भाकरी खाल्ली, हात धुतले, झोपली.

सकाळी उठून बघते तर सोप्यातली तिची खाट नाही. वाकळ नाही, उशाशी असायचा तो पितळी तांब्या नाही. मागच्या परड्यात गेले तर म्हातारी गोठ्याच्या एका कडेला खाट टाकून बसलेली, शेजारी म्हस रवंथ करतेय.

"आत्ती, हे काय?"

"मी ऱ्हातो हितं. पाऊस सरला की येतो." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, मी येतो, मी जातो. त्यात राग आहे की नाही, हे कळायला तोंड बघावं लागतं. आणि ती तोंड म्हशीकडं करून बसली होती.

मी हातापाया पडले. नवरा रडकुंडीला आला. ती म्हणाली, "तुम्हाला सुई पायजे, मला सुई नको. हितं दोघांचंबी भागतंय. जावा आता." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, हिचा तर सुंभसुद्धा शाबूत होता.

आणि मग गाव. सकाळी दूध घालायला नवरा डेअरीत गेला की कोण ना कोण विचारायचं, "काय रे, आईला गोठ्यात ठेवलायसा?" समोरच्या घरातली बाई माझ्या खिडकीखाली उभी राहून, मला ऐकू जाईल अशी, तिच्या सुनेला म्हणाली, "बघ, शिकलेल्या सुना अशा असत्यात." मी आत मास्क लावून बसलेली. काय सांगणार? लिव्हरचं सांगावं तर बाटली निघणार, न सांगावं तर सासूला गोठ्यात घालणारी कैदाशीण. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. रात्री उशीत तोंड खुपसून मी आत्तीला शिव्या घालायची. हिनं मुद्दाम केलं, मला गावात नागवं करायला केलं, असंच मला वाटायचं.

पाऊस लागला तसा मात्र एक वेगळाच प्रकार झाला. मी मागच्या दारात ताट ठेवून मागं सरायची, ती येऊन उचलायची. जेवता जेवता गोठ्यातनं ओरडायची, "आज मीठ घाटलंस व्हय गं कालवणात? का मलाबी तुझं दुखणं लावतीस?" मी दारातनं ओरडायची. पत्र्यावर पाऊस एवढा वाजायचा की ओरडल्याशिवाय भागायचंच नाही. मला बाहेर पडायची बंदी, तर गावात कोण पळून गेलं, कुणाची म्हस व्याली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं मला गोठ्यातनं कळायला लागलं. पंचवीस वर्षं एका चुलीपाशी बसून आम्ही जेवढं बोललो नाही, तेवढं त्या पावसात परडंभर अंतर ठेवून बोललो. दुपार झाली की मी तिच्या हाकेची वाटच बघायला लागले.

एकदा मी ओरडून विचारलं, "आत्ती, एवढं काय भ्यालाय सुईला?"

तिनं म्हशीपुढं वैरण सारली. मग म्हणाली, "तुझं सासरं सकाळी सुई टोचून घेऊन आलं, आणि सांजच्याला गेलं."

"ते हार्टनं गेले, आत्ती! सुईनं न्हाय!"

"तू हुतीस व्हय?"

मी नव्हते. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. त्यानंतर मी सुईचं नाव काढलं नाही. कुठल्या तोंडानं काढणार?

आणि एक दिवस दुपारची हाक आलीच नाही. ताट दारात तसंच. मी मास्क लावला, डोक्यावर पोतं घेतलं आणि परडं ओलांडून गोठ्याच्या दाराशी गेले. आत्ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता.

"लांब ऱ्हा!"

"आत्ती, पाणी तरी देते."

"म्हटलं न्हवं लांब ऱ्हा! तुझ्या पोटात परत पाणी झालं तर मी काय तोंड दाखवू? जा आत!"

मी उंबऱ्यावर तशीच उभी. लग्न होऊन आले तेव्हापासनं या बाईनं मला हाकाच मारल्या होत्या. ये इकडं, धर हे, उचल ते, कुठं मेलीस. त्या हाकांना मी विटले होते. आणि आता चार पावलांवर ती तापानं फणफणलेली, तर मला ये म्हणत नव्हती. आणि मी, खरं सांगते, आत गेले नाही. पायच उचलला नाही. तो पंखा डोळ्यापुढं होता.

नवऱ्याला फोन केला. तो आला, शेजाऱ्याची गाडी काढली, तिला कोल्हापूरला नेलं. फ्लूच निघाला. छातीत उतरला होता. मी घरात, खिडकीपाशी. नवरा रोज संध्याकाळी मोबाइलवर तिचं तोंड दाखवायचा. शेवटचं दाखवलं तेव्हा तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी मोबाइल जवळ घेऊन म्हटलं, "आत्ती, मी हाय." तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि हात हलवला. मागं सर, मागं सर.

"अवो, मोबाइलमधनं ताप येत न्हाय, आत्ती!" मी म्हटलं, आणि हसता हसता रडायला लागले. ती हात हलवतच राहिली.

तिला घरी आणलं तेव्हा सगळी भावकी गोळा झाली. परड्यात, सोप्यात, रस्त्यावर माणूसच माणूस. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ताकीद दिली होती, गर्दीत जायचं नाही. मी वरच्या खोलीत खिडकीशी, तोंडाला मास्क. खालनं बायका वर बघत होत्या. सासू दारात आणि सून खिडकीत! तिच्या पायावर डोकं ठेवायला मिळालं नाही. तिरडी उचलली तेव्हा गोठ्यात म्हस हंबरली. म्हशीला हंबरायची मुभा होती, मला तीसुद्धा नव्हती.

मला अजून तिचा राग येतो. ती खूप आठवते आणि खूप राग येतो. एक सुई घेतली असती तर काय बिघडलं असतं, म्हातारे? मला जपायला गोठ्यात गेलीस, आणि हे ओझं माझ्या डोक्यावर देऊन गेलीस. कुणापुढं उतरवू? गाव तर अजून तेच म्हणतंय, गोठ्यात घालून मारली.

यंदा पाऊस तोंडावर आला तसे जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दावं नवऱ्यानं धरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. मुलानं घेतली, नवऱ्यानं तोंड फिरवून घेतली, शेवटी मी. दंडावर कापूस दाबत डॉक्टरीणबाईंनी माझ्या फायलीत बघत विचारलं, "मागच्या वर्षी घरातलं एक माणूस राहिलं होतं ना तुमच्या? यंदा कुणी राहिलं नाही ना?"

"न्हाय," मी म्हटलं. "यंदा कोण राहिलं न्हाय."